१२ मार्च १९३३: पावणेचौदा मिनिटांचे भाषण आणि बँकेत परतलेल्या नोटा

रविवारची रात्र, वॉशिंग्टनच्या घड्याळात दहा. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवर बोलायला बसले, तेव्हा त्यांना पदावर येऊन आठ दिवस झाले होते आणि देशभरच्या बँकांचा नेहमीचा व्यवहार सोमवारपासून ठप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बँका उघडणार होत्या. दारासमोर जमणारे लोक पैसे काढायला आलेले असतील की भरायला, एवढाच प्रश्न होता.

नेत्याच्या भाषणाने लोकांचे मत किती बदलले, हे सहसा मोजता येत नाही. टाळ्या पडतात, अग्रलेख येतात, मतदान दोन वर्षांनी होते आणि मधल्या काळात इतके काही घडते की श्रेय कोणाचे ते कळत नाही. इथे मोजमाप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅशियरच्या खिडकीमागेच होणार होते. भाषण चालले की फसले, हे रोकड सांगणार होती.

घाबरणे वेडेपणाचे नव्हते

१९३० ते १९३२ या तीन वर्षांत अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बंद पडल्या. बहुतेक लहान, एका गावापुरत्या, एकाच शाखेच्या. ठेवींना केंद्र सरकारचा विमा नव्हता. बँक बुडाली की ठेवीदार इतर धनकोंबरोबर ताटकळत बसे आणि मिळेल तेवढ्यावर समाधान मानी.

अशा व्यवस्थेत अफवा कानावर येताच पहाटे रांगेत उभा राहणारा माणूस मूर्ख ठरत नाही. रांगेतल्या पहिल्या शंभरांना पूर्ण पैसे मिळतात आणि शेवटच्या शंभरांना दार बंद झालेले दिसते. बँक मुळात भक्कम असली तरी सगळे एकदम आले की तीही कोसळते, कारण पैसा तिजोरीत नसून कर्जांत आणि रोख्यांत अडकलेला असतो. म्हणजे बँक चांगली की वाईट हे तपासण्यापेक्षा शेजाऱ्याच्या आधी पोहोचणे जास्त शहाणपणाचे. अशा माणसाला ‘घाबरू नका’ असे सांगून उपयोग नसतो. शेजारी धावणार नाही, याची त्याला खात्री पटावी लागते.

सरकारच्या एका चांगल्या हेतूच्या निर्णयाने आगीत तेल ओतले. अडचणीतल्या बँकांना कर्ज देण्यासाठी १९३२ मध्ये ‘रीकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन’ निघाले होते. त्याच वर्षी ऑगस्टपासून कर्जदार बँकांची नावे जाहीर होऊ लागली. उद्देश पारदर्शकतेचा, पण यादीत नाव आले की लोक समजत, ही बँक डळमळीत आहे. मग यादीत येऊ नये म्हणून बँका मदत मागणेच टाळू लागल्या.

१४ फेब्रुवारी १९३३ रोजी मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या बँका आठ दिवस बंद ठेवल्या. डेट्रॉइटमधल्या मोठ्या कंपन्यांचा पैसा अडकला. त्यांनी इतर राज्यांतल्या बँकांतून रोकड उचलायला सुरुवात केली आणि लोण पसरले. एकामागून एक राज्ये बँका बंद करू लागली किंवा पैसे काढण्यावर मर्यादा घालू लागली. ४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय यांनीही दारे लावली. त्याच दुपारी रूझवेल्ट यांचा शपथविधी झाला.

एक वर्ष आधीचे, न चाललेले भाषण

आधीचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनीही हाच प्रयत्न केला होता, तोही रेडिओवरून. ६ मार्च १९३२ रोजी त्यांनी पैसे घरात दाबून ठेवण्याविरुद्ध देशाला आवाहन केले. त्यांच्या मोहिमेचे प्रमुख होते शिकागोचे वृत्तपत्र-मालक फ्रँक नॉक्स. दडवलेला डॉलर काम करत नाही, तो बाहेर काढणे हे देशकर्तव्य आहे, असा सूर होता. म्हणणे चूक नव्हते. पण टिकाऊ परिणाम झाला नाही. जूनमध्ये शिकागोतल्या बँकांवर पुन्हा झुंबड उडाली.

ते भाषण रटाळ होते म्हणून पडले, असे म्हणणे सोपे आहे, आणि हूवर वक्ते म्हणून फिकेच होते. खरी अडचण वेगळी होती. भाषणाच्या आदल्या दिवशी जी बँक होती, तीच दुसऱ्या दिवशी होती. तिची तपासणी झाली नव्हती, तिच्याकडे जादा रोकड आली नव्हती आणि शेजारी धावला तर काय, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. लोकांकडे त्यागाची मागणी होती, बदल्यात काहीच नव्हते. ‘दडवणारा देशाचे नुकसान करतो’ या वाक्याचा दुसरा अर्थही ऐकणाऱ्याला लागतो: अरेच्चा, बरेच लोक दडवताहेत वाटते!

फेब्रुवारी १९३३ मध्ये, पायउतार होण्याच्या बेतात असताना, हूवर यांनी रूझवेल्ट यांना पत्र लिहून जाहीर आश्वासन देण्याची विनंती केली. रूझवेल्ट यांनी ती मानली नाही. टीकाकार म्हणतात, पडझड आधीच्याच्या खात्यावर जमा व्हावी, हा डाव होता. त्यात तथ्य असू शकते. पण हातात सत्ता नसताना दिलेला शब्द आठवड्यात खोटा ठरला असता, तर मार्चमध्ये त्यांचे कोणी ऐकले नसते, हेही तितकेच खरे.

बोलण्याआधीचे सहा दिवस

६ मार्चला रात्री एक वाजता घोषणा निघाली: देशातल्या सगळ्या बँका बंद. आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी युद्धकाळात केलेल्या कायद्यातल्या एका कलमाचा. शांततेच्या काळात तो लागू होतो का, ही शंकाच होती. तीन दिवसांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नवा कायदा करून ते मागाहून पक्के केले. आदेशात शब्द होता ‘हॉलिडे’. राज्ये तो आधीपासून वापरत होतीच. बंद, टाळे, गोठवणूक यांपैकी काहीही म्हणता आले असते; ‘सुट्टी’ संपते, हे लोकांना ठाऊक असते.

सगळ्या बँका एकदम बंद करण्यात एक हिशोब होता. एकच बँक बंद झाली तर तिच्यावर डाग बसतो. सगळ्या बंद झाल्या की कोणावरच बसत नाही, आणि उघडताना कोणाला आधी उघडायचे हे सरकारच्या हातात राहते. धावण्याची शर्यतच काही काळ थांबली.

अर्थमंत्री विल्यम वुडिन यांच्याबरोबर याच काळात जे राबले, त्यांतले महत्त्वाचे लोक हूवर यांचेच होते: मावळते अर्थमंत्री ऑग्डेन मिल्स आणि उपमंत्री आर्थर बॅलंटाइन. बँकांची कागदपत्रे त्यांना पाठ होती. निवडणुकीतला राग बाजूला ठेवून त्यांना खोलीत बसवून घेतले, हा या प्रकरणातला कमी चर्चिला गेलेला पण निर्णायक भाग.

रोकड कुठून आणायची, हा पुढचा पेच. शहरोशहरी तात्पुरत्या कागदी चिठ्ठ्या चलन म्हणून छापायची तयारी सुरू झाली होती. वुडिन यांनी ती वाट सोडली. चिठ्ठी हातात पडली की माणसाला कळते, खरा पैसा संपला. त्याऐवजी फेडरल रिझर्व्ह बँकांनी (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक-व्यवस्थेतल्या बारा प्रादेशिक बँकांनी) सरकारी रोख्यांवर त्यांच्या पूर्ण किमतीइतक्या आणि इतर चांगल्या कर्जपत्रांवर ९० टक्क्यांपर्यंत नव्या नोटा काढाव्यात, असे ठरले. नव्या नोटेचे चित्र काढायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या राष्ट्रीय बँकांच्या नोटांच्या साच्यांवर बदललेला मजकूर छापून काम भागवले. नोट नोटेसारखी दिसली, हे महत्त्वाचे.

८ मार्चला दोन गोष्टी झाल्या. फेडरल रिझर्व्हने जाहीर केले की १ फेब्रुवारीनंतर सोने काढून नेलेल्या आणि १३ मार्चपर्यंत परत न भरलेल्या लोकांची यादी केली जाईल. लगेच सोन्याची नाणी घेऊन रांगा लागल्या, यावेळी उलट्या दिशेच्या. बारा तारखेच्या गोड आवाजाचे कौतुक करताना या छडीचा विसर पडतो.

त्याच दिवशी पहिली पत्रकार परिषद झाली. शंभरावर वार्ताहर. लेखी प्रश्न आधी देण्याची जुनी पद्धत बंद केली. नियम स्पष्ट सांगितले: परवानगीशिवाय थेट अवतरण नाही, काही माहिती स्रोत न सांगता वापरायची, काही अजिबात छापायची नाही. वार्ताहराला पार्श्वभूमी कळली की तो अंदाज कमी लावतो. आणि बँकांच्या बाबतीत अंदाज हीच अफवा.

९ मार्चला दुपारी काँग्रेसचे अधिवेशन भरले. प्रतिनिधिगृहात सुमारे चाळीस मिनिटे चर्चा झाली, सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७ मते पडली आणि रात्री साडेआठनंतर सही झाली. विधेयकाच्या पुरेशा प्रती छापून झाल्या नव्हत्या. लोकशाहीच्या दृष्टीने हे शोभणारे नाही, पण झाले ते असे.

भाषणाची रचना

पहिला मसुदा रूझवेल्ट यांच्या पक्षाचे प्रसिद्धिप्रमुख चार्ल्स मायकेल्सन यांचा होता. बॅलंटाइन यांनी तो नव्याने लिहिला. मग रूझवेल्ट यांनी आपल्या बोलीत आणला. अंतिम मजकूर सुमारे १,८०० शब्दांचा, वेळ पावणेचौदा मिनिटे. म्हणजे मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास, रेडिओच्या मानाने संथ. ऐकणारे सहा कोटी असावेत, असा तेव्हाचा अंदाज. १९३० च्या जनगणनेत चाळीस टक्के कुटुंबांकडेच रेडिओ होता, तेव्हा बरेच जण दुसऱ्याच्या घरी बसून ऐकत असणार. एकाच खोलीत, शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत. हा योगायोग उपयोगी पडला: शेजाऱ्यानेही हेच ऐकले आहे, हे प्रत्येकाला दिसत होते.

सुरुवात कोणाशी बोलतो आहोत ते सांगून होते: बँकेचे यंत्र कळणारे थोडे लोक आहेत, मला मुख्यतः पैसे भरणाऱ्या आणि चेक लिहिणाऱ्या बहुसंख्यांशी बोलायचे आहे. मग लगेच मूळ मुद्दा. तुम्ही भरलेले पैसे बँक तिजोरीत ठेवत नाही, ती ते रोख्यांत, कर्जांत, गहाणांत गुंतवते. ही गोष्ट लपवण्याचा मोह मोठा असतो. ‘तुमचे पैसे तिजोरीत सुरक्षित आहेत’ हे ऐकायला छान. पण उद्या कॅशियर ‘थांबा’ म्हणाला की तेच वाक्य उलटते. आधी यंत्र समजावले, म्हणून पुढचे ‘सगळ्यांना एकदम रोकड देणे भक्कम बँकेलाही शक्य नाही’ हे सबब न वाटता कारण वाटले.

नंतर घडलेले क्रमाने: फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, तीन मार्च, घोषणा, कायदा, नवे चलन. चलनाबद्दल ठामपणे सांगितले की ते हवेतले नाही, त्यामागे तारण आहे. बँकवाल्यांवरचा लोकांचा राग नाकारला नाही. काही जण अकार्यक्षम किंवा अप्रामाणिक निघाले, असे सरळ म्हटले. आणि एक विनोद, मोजून एकच: गेल्या आठवड्यात पैसे दडवण्याची हौस भलतीच जुनाट झाली आहे! हूवर यांनी दडवणाऱ्याला दोषी ठरवले होते; इथे त्याला फक्त मागासलेला ठरवले. दोषी माणूस हट्टाला पेटतो, मागासलेला मुकाट्याने रांगेत येतो.

सगळ्यात नेमका भाग वेळापत्रकाचा. सोमवारी फेडरल रिझर्व्ह बँका असलेली बारा शहरे, मंगळवारी मान्यताप्राप्त क्लिअरिंग हाउस, म्हणजे बँकांचे आपसातले चेक वटवणारे केंद्र, असलेली शहरे (अशी सुमारे २५०), बुधवारपासून बाकीची गावे. त्यातला धोका उघड होता: ज्याची बँक सोमवारी उघडली नाही, तो म्हणणार, बुडाली. म्हणून भाषणात आधीच सांगितले की नंतर उघडणाऱ्या बँकेचा दर्जा उद्या उघडणाऱ्या बँकेइतकाच असेल. उद्या उठू शकणारी शंका आज, स्वतःच्या तोंडाने उच्चारायची आणि तिचे उत्तर देऊन टाकायचे. या भाषणातून एकच गोष्ट उचलायची तर मी ही उचलीन.

आश्वासनाची मर्यादाही तिथेच आखली. प्रत्येक बँक उघडेल असे वचन देत नाही, कोणाचेच नुकसान होणार नाही असेही नाही. टाळता येण्याजोगे नुकसान मात्र होऊ देणार नाही. या कबुलीच्या जोरावरच दुसरे वाक्य उभे राहिले: पुन्हा उघडलेल्या बँकेत पैसे ठेवणे गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे. ‘पुन्हा उघडलेल्या’ हा शब्द काढला तर वाक्य खोटे होते.

‘शेकोटीजवळच्या गप्पा’ हे नाव तेव्हा नव्हते. ते मे महिन्यातल्या दुसऱ्या भाषणाच्या वेळी सीबीएस या रेडिओ कंपनीच्या हॅरी बुचर यांनी दिले.

सोमवार ते बुधवार

सोमवारी बारा शहरांत भरणा उचलीपेक्षा जास्त झाला. १५ मार्चला शेअर बाजार उघडला आणि डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात १५.३४ टक्के चढला. टक्केवारीत इतकी एकदिवसीय वाढ त्यानंतर आजवर झालेली नाही. दोन आठवड्यांत दडवलेल्या रोकडीतली निम्म्याहून जास्त बँकांत परतली. व्हाइट हाउसमध्ये पत्रांचा इतका ओघ लागला की जिथे पूर्वी एक माणूस टपाल उरकत असे, तिथे काही डझन लागले. ही पत्रे नुसती साठवली गेली नाहीत. त्यांतून लोकांना काय कळले नाही, हे पुढच्या भाषणासाठी समजत गेले.

पुढची भाषणे मोजकीच ठेवली: त्या वर्षी एकूण चार, बारा वर्षांत सुमारे तीस. वारंवार बोललो तर धार जाईल, ही भीती रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये एका पत्रात स्पष्ट लिहिली आहे. प्रत्यक्ष प्रक्षेपणातल्या बारीक गोष्टीही सांभाळल्या जात: कागद मायक्रोफोनजवळ खुळखुळू नये म्हणून मऊ वापरायचा, आणि दातांच्या फटीमुळे येणारी शिट्टी थांबवण्यासाठी बोलताना एक काढता-घालता दात बसवायचा.

तोच आवाज, चार वर्षांनी

साधन एवढेच पुरेसे असते, तर १९३७ मध्येही चालले असते. नव्या कायद्यांना सर्वोच्च न्यायालय अडवत होते. ५ फेब्रुवारीला रूझवेल्ट यांनी सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशांमागे एकेक, असे कमाल सहा जादा न्यायाधीश नेमण्याचा प्रस्ताव मांडला. कारण दिले वयाचे आणि कामाच्या बोजाचे. ९ मार्चला रेडिओवरून लोकांना समजावले, आणि त्यात खरे कारण पुढे आले: न्यायालयाचे निकाल. दोन आठवड्यांच्या आत सरन्यायाधीश ह्यूज यांचे पत्र सिनेटच्या समितीपुढे वाचले गेले. न्यायालयाचे काम तुंबलेले नाही, असे त्यात आकड्यांनिशी होते. २२ जुलैला सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी प्रस्ताव परत पाठवला.

१९३३ मध्ये लोकांनी ऐकलेले दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत जाऊन ताडून पाहिले आणि ते जुळले. १९३७ मध्येही ताडून पाहिले. पहिले कारण जुळले नाही, आणि मग दुसरे, जे खरे होते, तेही संशयाने ऐकले गेले.

जे सांगितले नाही

१९३३ चे भाषण खरे होते, पण पूर्ण नव्हते. हमीचा शब्द त्यात नाही. पत्रकार परिषदेत रूझवेल्ट म्हणालेही होते की ठेवींची हमी म्हणजे चांगल्याबरोबर वाईट बँकांचीही हमी, आणि त्यात सरकारला तोटा. प्रत्यक्षात ११ मार्चला, भाषणाच्या आदल्या दिवशी, फेडरल रिझर्व्ह बँकांना त्यांनी कळवले होते की बँकांना कर्ज देताना तुमचा तोटा झाला तर तो भरून देणे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणजे उघडलेल्या बँकांमागे सरकार जवळजवळ पूर्ण उभे होते. उघडपणे ठेवींचा विमा आला तो पुढे: कायदा जूनमध्ये, अंमल १ जानेवारी १९३४ पासून, मर्यादा माणशी २,५०० डॉलर.

‘भक्कम बँकाच उघडतील’ हे वाक्यही जरा ताणलेले. आठवड्याभरात हजारो बँकांची खरी तपासणी होणे अशक्य होते. उपलब्ध कागदांवरून तीन ढीग पाडले गेले. कॅलिफोर्नियातल्या चारशेवर शाखांच्या बँक ऑफ अमेरिकाला सॅन फ्रान्सिस्को फेडरल रिझर्व्हचे प्रमुख परवाना द्यायला तयार नव्हते. वुडिन यांनी फोनवर विचारले, बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही घेता का? ते नाही म्हणाले. बँक उघडली.

संकटापूर्वी चालू असलेल्या सुमारे १७,८०० बँकांपैकी १५ मार्चपर्यंत परवाना मिळाला तो १२,००० पेक्षा कमी बँकांना. पाच हजारांहून जास्त मागे राहिल्या. त्यांतल्या सुमारे तीन हजार पुढे उघडल्या, दोन हजारांहून जास्त कायमच्या गेल्या. तिथल्या ठेवीदारांच्या दृष्टीने ‘टाळता येण्याजोगे’ या शब्दाने आपले काम केले होते.

आणि सोने. यादीत नाव येऊ नये म्हणून जे लोक घाईने नाणी परत करायला गेले, त्यांना प्रति औंस २०.६७ डॉलर या भावाने कागदी नोटा मिळाल्या. ५ एप्रिलला उरलेल्यांनाही १ मेपर्यंत सोने जमा करण्याचा हुकूम निघाला. मोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जानेवारी १९३४ च्या अखेरीस सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरवला. तोवर सोने सरकारच्या तिजोरीत होते आणि लोकांच्या हातात नोटा.